बाबांना धूसर दिसलेला शनी, अर्थात दुर्बिणीचा फोकस नक्की कुठे होतो?

२०२३ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे मिनेसोटात आले होते. सहा महिन्यांचा मुक्काम संपत आला होता, परतीचं विमान रविवारचं. आल्यापासून बाबांचा एकच धोशा होता, "तुझ्या त्या दुर्बिणीतून एकदा शनी दाखव." उन्हाळ्यात इथे नीट अंधार पडायलाच रात्रीचे दहा-साडेदहा वाजतात आणि जून-जुलैत शनी वर यायचा तो मध्यरात्र उलटल्यावर. त्यामुळे ते राहत गेलं. शेवटच्या आठवड्यात ढग. गुरुवारी रात्री एकदाचं आभाळ मोकळं झालं.

मी घाईघाईत ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण उचलून डेकवर आणली, २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली, शनी पकडला, फोकस केला. कडी अगदी स्वच्छ. आत जाऊन बाबांना हाक मारली. स्वेटर, कानटोपी, बूट आणि आईच्या सूचना यात वीसेक मिनिटं गेली. बाबा वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहे."

हे 'छान आहे' मी लहानपणापासून ओळखते. माझ्या पहिल्या पोळीलाही ते असंच छान म्हणाले होते. मी विचारलं, "कडी दिसली ना?" तर म्हणाले, "पिवळा गोळा दिसला एक. कापूस पिंजल्यासारखा." मी पुन्हा डोळा लावला. मला कडी दिसत होती! बाबांना परत बसवलं, परत कापूस. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तेव्हा डोळ्यांचंच काहीतरी असणार असं मी ठरवून टाकलं आणि आम्ही आत आलो.

रात्री झोप लागेना म्हणून कागदावर थोडं गणित मांडलं, आणि लक्षात आलं की चूक बाबांच्या डोळ्यांत नव्हती. ती दुर्बिणीतही नव्हती म्हणा. माझा रोजचा पोटापाण्याचा उद्योग सूक्ष्मदर्शकाचा आहे, फोकस म्हणजे काय हे मला कळतं असा माझा समज होता. तर ते गणित आज तुमच्यापुढे मांडते. तुमच्याही गराजमध्ये अशी एखादी दुर्बीण 'हिच्यातून काही नीट दिसत नाही' म्हणून पडून असेल, तर कदाचित ती बाहेर निघेल.

शाळेत आकाशदर्शनाला आपण बघितलेल्या बहुतेक दुर्बिणी न्यूटोनियन. लांब नळी, तळाला आरसा, वरच्या टोकाला बाजूला नेत्रिका. तिथे फोकस करायचा म्हणजे चाक फिरवून नेत्रिका आत-बाहेर करायची. आरसा जागचा हलत नाही. नेत्रिका १ मिलिमीटर सरकली की फोकसमध्ये १ मिलिमीटरचा फरक. सरळ हिशोब.

आता आपली बुटकी, जाडजूड संयुक्त दुर्बीण घ्या. हिच्यात काचही आहे आणि आरसेही. प्रकाश समोरच्या पातळ काचेतून आत येतो, तळाच्या अंतर्वक्र मुख्य आरशावर आदळून परत पुढे जातो. समोरच्या काचेच्या मध्यभागी बसवलेला छोटा बहिर्वक्र दुय्यम आरसा तो पुन्हा मागे पाठवतो, आणि मुख्य आरशाच्या मधोमध असलेल्या भोकातून तो मागच्या नेत्रिकेपर्यंत येतो. अशा दोन वळशांमुळे २०३२ मिलिमीटर, म्हणजे दोन मीटरच्या वर नाभीय अंतर दीड फुटापेक्षा छोट्या नळीत मावतं. या पद्धतीची समोरची काच बर्नहार्ड श्मिट यांनी १९३० च्या सुमारास जर्मनीत आपल्या कॅमेऱ्यासाठी घडवली. हौशी लोकांच्या हातात ही रचना खऱ्या अर्थानं आली ती १९७० मध्ये सेलेस्ट्रॉनची ८ इंची 'सी-८' बाजारात आल्यावर. रशियन मक्सुतोव्ह यांच्या जाड, वाटीसारख्या काचेच्या दुर्बिणी त्याच घराण्यातल्या, आणि खाली जे सांगते त्यातलं बहुतेक सगळं त्यांनाही लागू आहे.

हिच्या पाठीमागे एक छोटा नॉब असतो. तो फिरवला की नेत्रिका तसूभरही हलत नाही. आत अख्खा मुख्य आरसा पुढे-मागे सरकतो. मधल्या भोकातून एक धातूची नळी जाते, आरसा एका बाहीवर बसवलेला असतो आणि ती बाही ग्रीसवरून या नळीवर सरकते. नॉबला जोडलेला बारीक आट्यांचा स्क्रू आरशाला मागून, एका कडेनं ढकलतो किंवा ओढतो. 'एका कडेनं' हे लक्षात ठेवा, त्यावर परत येऊ.

आता कळीचा मुद्दा. या मुख्य आरशाचं स्वतःचं नाभीय अंतर साधारण ४०६ मिलिमीटर असतं. दुय्यम आरसा ती प्रतिमा ५ पट मोठी करतो, म्हणून ४०६ चे २०३२ होतात. प्रतिमेची रुंदी ५ पट वाढली, तर तिची खोली किती पट वाढेल? सहज उत्तर येतं ५. पण खरं उत्तर आहे ५ × ५ = २५. कुठल्याही भिंगात किंवा आरशात प्रतिमा आडवी जितकी ताणली जाते, तिच्या वर्गाच्या प्रमाणात ती उभी, म्हणजे प्रकाशाच्या दिशेत ताणली जाते. सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्यांना याचा रोज अनुभव येतो. १०० पटीचं भिंग लावलं की काचपट्टी केसाच्या शतांशाइतकी सरकली तरी चित्र जातं.

म्हणजे मुख्य आरसा १ मिलिमीटर पुढे, आकाशाच्या दिशेनं सरकला, की मागे तयार होणारी प्रतिमा २५ मिलिमीटर बाहेर, तुमच्या डोळ्याकडे सरकते. मागे ओढला की तितकीच आत जाते.

यात सोय मोठी आहे. आरसा जेमतेम एखाद-दोन सेंटिमीटर हलवून अंगणापलीकडच्या झाडापासून ताऱ्यांपर्यंत सगळं फोकस करता येतं, आणि कॅमेरा, फिल्टर, काटकोनी आरसा असं काहीही मागे जोडलं तरी फोकस तिथपर्यंत पोचतो. न्यूटोनियनला कॅमेरा लावून 'फोकस आतच राहतो, नेत्रिका आणखी आत जात नाही' म्हणून ज्यांनी कपाळावर हात मारून घेतला आहे त्यांना ही चैन कळेल. शिवाय बाहेर सरकणारं काही नसल्यामुळे नळी जवळजवळ बंद राहते. फुकट मात्र काही नाही. आरसा मूळ जागेपासून हलला की दुर्बिणीचं एकूण नाभीय अंतरही बदलतं. मागे १०० मिलिमीटर लांबीचं काही जोडून फोकस तिथवर आणला, तर ते तीनशेच्या वर मिलिमीटरनं वाढतं. डोळ्यानं बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, फोटोंवरून मोजमापं करणाऱ्यानं मात्र छापील आकड्यावर विसंबू नये.

तर फोकस किती अचूक लागतो? प्रकाश तरंगरूप असल्यामुळे फोकस हा एक बिंदू नसून एक छोटासा टप्पा असतो. हिरव्या प्रकाशात आणि f/१० च्या दुर्बिणीत हा टप्पा सुमारे ०.११ मिलिमीटर अलीकडे आणि तितकाच पलीकडे. त्याला २५ नं भागा. मुख्य आरसा ४.४ मायक्रॉनच्या आत आपल्या जागी हवा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. नॉबच्या एका पूर्ण फेऱ्यात आरसा समजा पाऊण मिलिमीटर सरकतो, तर अचूक फोकसचा सगळा टप्पा नॉबच्या जेमतेम ४ अंशांत येतो. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश फिरतो, त्याहून कमी! पहिल्यांदा दुर्बीण घेतलेली माणसं नॉब गरागरा फिरवतात आणि शनी एका क्षणात येऊन जातो, तो का हे यावरून कळेल. (रात्री डोनटसारखं काहीतरी दिसलं आणि 'हीच शनीची कडी' असं कुणी म्हणालं, तर तो बहुधा फोकस गेलेला तारा असतो. मधलं काळं भोक म्हणजे दुय्यम आरशाची सावली.)

आता 'एका कडेनं' कडे वळू. जी वस्तू सरकायची आहे तिच्यात थोडा ढिलेपणा ठेवावाच लागतो. स्क्रू आरशाला कडेनं ढकलत असल्यामुळे तो बाहीवर किंचित कलतो, आणि ढकलण्याची दिशा उलटली की दुसरीकडे कलतो. समजा बाही ८० मिलिमीटर लांब आहे आणि तिच्यात ८ मायक्रॉनचा ढिलेपणा आहे. एवढ्यावर आरसा सुमारे २० आर्क सेकंद कलतो आणि आकाशातलं चित्र त्याच्या दुप्पट, म्हणजे ४० आर्क सेकंद उडी मारतं. शनीची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण इतकीच रुंद दिसतात. थोडक्यात, नॉबची दिशा बदलली की शनी स्वतःच्या रुंदीइतका बाजूला उडतो. दुर्बीण बिघडलेली नाही, तिचा स्वभावच आहे तो. त्यातच स्क्रूच्या आट्यांमधला ढिलेपणा. दिशा बदलल्यावर नॉब थोडा फिरतो पण आरसा हलतच नाही, मग एकदम हलतो.

यावर जुना आणि साधा उपाय असा, की फोकसची शेवटची हालचाल नेहमी आरसा वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध ढकलणारी असावी. मग आरशाचं वजन स्क्रूवर नीट विसावतं आणि आरसा नंतर आपोआप घसरत नाही. बहुतेक दुर्बिणींत त्यासाठी नॉब घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा असतो, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. एखादा तारा फोकस करा. मग नेत्रिकेचा स्क्रू सैल करून नेत्रिका तीन-चार मिलिमीटर बाहेर ओढा आणि तिथेच घट्ट करा. तारा पसरेल. आता नॉब ज्या दिशेला फिरवल्यावर तारा पुन्हा टोकदार होतो, ती दिशा आरसा वर ढकलणारी. कारण नेत्रिका बाहेर गेली, म्हणजे फोकस बाहेर यायला हवा, म्हणजे आरसा पुढे जायला हवा. दिशा सापडली की नॉबशेजारी रंगाचा ठिपका देऊन ठेवा. अंधारात हाताला लागेल असा नेलपॉलिशचा जाडसर ठिपका उत्तम.

काही महागड्या दुर्बिणींत फोकस झाल्यावर आरसा जखडून टाकायची सोय असते. फोटो काढणारे मागे वेगळा फोकसर जोडतात, म्हणजे मोठं काम आरशानं आणि बारीक काम नेत्रिका किंवा कॅमेरा हलवून. त्यांचा दुसरा लाडका उपाय म्हणजे रशियन हौशी निरीक्षक पावेल बाख्तिनोव्ह यांचा २००५ मधला मुखवटा. दुर्बिणीच्या तोंडावर ठेवायची तिरप्या फटींची ही चकती. तिच्यामुळे ताऱ्याभोवती तीन रेषा उमटतात आणि मधली रेषा बरोबर मध्ये आली की फोकस झाला. पुठ्ठा आणि ब्लेड वापरून घरीही जमतो.

आता गुरुवारच्या रात्रीकडे या. दुर्बीण घरातल्या २२ अंशांतून बाहेरच्या ६ अंशांत गेली. नळी ॲल्युमिनियमची. ती दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाख भागांत २३ भाग आकसते. दोन आरशांमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरा, आणि वीस मिनिटांत नळी १० अंशांनी गार झाली असं धरा. अंतर सुमारे ७४ मायक्रॉननी कमी झालं. आरशाची काच थोडी आकसून यातला काही भाग भरून काढते, उरतात साठेक मायक्रॉन. पण या दुर्बिणीत प्रत्येक मायक्रॉनला २५ नं गुणायचं! फोकस दीड मिलिमीटर बाहेर, डोळ्याच्या दिशेनं सरकला. टप्पा होता ०.११ मिलिमीटरचा. दीड मिलिमीटर चुकला की प्रत्येक बिंदू सुमारे १५ आर्क सेकंद पसरतो. शनीचा गोळाच १८ आर्क सेकंदांचा, मग कडी कुठून दिसणार? कापूस पिंजल्यासारखा, हे वर्णन अगदी बरोबर होतं.

मग मला का दिसत होतं? इथे मी बराच वेळ अडकले. उत्तर माझ्या वयात होतं. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेसमोर प्रतिमा दीड मिलिमीटर जवळ आली, तर बाहेर पडणारे किरण समांतर न राहता थोडे फाकतात. हा फरक जवळजवळ अडीच डायॉप्टरचा आहे. डोळ्याच्या दृष्टीनं शनी अनंत अंतरावर नसून चाळीस सेंटिमीटरवर आहे, पुस्तक धरतो तितक्या अंतरावर. तिशीतला डोळा न विचारता आपलं भिंग फुगवतो आणि जवळची वस्तू स्पष्ट बघतो. मला कळलंसुद्धा नाही की मी शनी 'वाचते' आहे. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू काढून बसवलेलं कृत्रिम भिंग आहे, दूरच्या अंतरासाठी कायमचं बसवलेलं. ते फुगत नाही. म्हणजे दुर्बिणीचा फोकस खरा कुठे आहे हे आमच्या दोघांत त्यांचाच डोळा प्रामाणिकपणे सांगत होता. गंमत अशी, की त्या रात्री त्यांनी पेपर वाचायचा चष्मा लावला असता, तर कडी दिसली असती. पण शनी बघायला वाचायचा चष्मा कोण लावतं?

यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. ज्यांचे डोळे अजून तरुण आहेत त्यांनी फोकस नेहमी त्या बाजूनं आणावा जिथे डोळा मदत करू शकत नाही. म्हणजे आधी आरसा मुद्दाम थोडा मागे घ्या, चित्र पसरू द्या, मग आरसा वर ढकलत या आणि चित्र पहिल्यांदा स्पष्ट होईल तिथेच थांबा. पुढे गेलात तरी चित्र काही काळ स्पष्टच दिसत राहील, पण ती डोळ्याची मेहनत असेल. बघा, गुरुत्वाकर्षणाच्या नियमानंही शेवटची हालचाल हीच सांगितली होती. दोन वेगळ्या कारणांनी एकच दिशा निघाली तेव्हा रात्री दोन वाजता मला फार बरं वाटलं.

चष्म्याचं काय, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा आणि फोकस थोडा बदला. उणे ४ नंबरवाल्याला २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेत फोकस अडीच मिलिमीटर सरकवावा लागतो, म्हणजे आरसा फक्त ०.१ मिलिमीटर, नॉबचा सातवा हिस्सा. नंबर तिरपा, म्हणजे सिलिंड्रिकल असेल तर मात्र नॉब काही करू शकत नाही, चष्मा ठेवाच. आणि घरी पाच पाहुणे असतील तर प्रत्येकाला नॉब फिरवू द्या. 'हात लावू नका, मी लावून दिलाय फोकस' हे वाक्य मी स्वतः पन्नास वेळा तरी म्हटलं असेल. ते चूक आहे.

शनिवारी संध्याकाळी सहालाच दुर्बीण डेकवर ठेवून दिली. नऊपर्यंत नळी आणि आरसा दोन्ही बाहेरच्या हवेइतके गार झाले होते. शनी दक्षिणेला, क्षितिजापासून बत्तीसेक अंशांवर. सांगलीहून हाच शनी साठ अंशांवर दिसतो, म्हणजे बाबा खरं तर चांगलं आभाळ सोडून इथे आले होते. खुर्ची ठेवली, बाबांचा हात धरून नॉबवर ठेवला. "मोडेल बिडेल," म्हणाले. मी म्हटलं, नाही मोडत, ठिपका आहे त्या बाजूला हळूहळू फिरवा. मी आधीच आरसा थोडा मागे घेऊन ठेवला होता.

पहिल्यांदा ते पुढे निघून गेले. परत मागे घेऊन दिला. दुसऱ्यांदा फिरवता फिरवता हात थांबला, आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. या वेळी 'छान आहे' आलं नाही. वर न बघता म्हणाले, "हे चित्र चिकटवलंयस का गं तू आत?"

मग त्यांनी आईला हाक मारली. तिनं डोळा लावला आणि लगेच म्हणाली, "काहीच नाही, नुसतं धुकं आहे." बाबा म्हणाले, "तुझा नंबर वेगळा आहे. तो नॉब फिरव, ठिपक्याच्या बाजूला. हळू."